सुट्टी, सुगरण आणि सलीम अली

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपतात, महाविद्यालयाच्या आवारातील गजबज ओसरते आणि उन्हाळी सुट्टीचे काय करायचे, हा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो. अलीकडे त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : पुढील वर्षाची शिकवणी, स्पर्धा परीक्षेचा वर्ग, नाही तर संगणकाचा एखादा अभ्यासक्रम. ज्यातून पुढेमागे मिळकत होईल अशाच कामी प्रत्येक तास लागला पाहिजे, अशी आपली धारणा झाली आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने या धारणेविरुद्ध तक्रार करावी, हे काहींना विपरीत वाटेल. कारण वेळेलाही किंमत असते, हे सूत्र आम्हीच वर्गात फळ्यावर लिहितो. तथापि, एखाद्या रिकाम्या ऋतूचे मोल किती होऊ शकते याचे जे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, ते अर्थशास्त्राच्या पुस्तकातले नाही. ते आहे सलीम अली यांनी १९३० साली, नोकरी गेलेली असताना, अलिबागजवळच्या किहीम गावी काढलेल्या काही महिन्यांचे.

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्यातील अखेरचा दिवस हा सलीम अलींचा जन्मदिवस. पांढरी दाढी आणि गळ्यात दुर्बीण अशी त्यांची तसबीर शाळाशाळांतून लागते आणि मुलांना त्यांच्या सन्मानांची यादी ऐकविली जाते. त्या यादीच्या मागे असलेली अपयशांची यादी मात्र कोणी वाचून दाखवीत नाही. वस्तुतः विद्यार्थ्यांना तीच अधिक उपयोगी पडावी.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम या निपुत्रिक दांपत्याने खेतवाडीतील आपल्या घरात या पोरक्या मुलाला वाढविले. त्या घरात शिकारीचे कौतुक होते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी कोणती, हे घरात कोणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच. पण कपाटांचे खण उघडून जतन केलेल्या शेकडो पक्ष्यांचा संग्रहही त्या मुलाला दाखविला. एका अनोळखी मुलाच्या प्रश्नासाठी एका कार्यमग्न माणसाने आपला थोडा वेळ दिला, एवढीच ती घटना. शिक्षकांनी ती विसरू नये.

पुढचा शैक्षणिक प्रवास मात्र अडखळतच झाला. डोकेदुखीच्या विकाराने शाळा वारंवार बुडाली. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही जेमतेम. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेले आणि शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय सांभाळण्यास गेले. तेथील रानात त्यांचे मन रमले. व्यवसायात रमले नाही. १९१७ साली परतल्यावर त्यांनी वाणिज्य कायदा आणि हिशेबशास्त्र यांचा अभ्यास सुरू केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि त्यांच्या आग्रहामुळे हिशेबाच्या जोडीने प्राणिशास्त्राचेही धडे सुरू झाले. अभ्यासक्रम पुरा झाला. विद्यापीठाची पदवी मात्र हाती आली नाही. परिणाम अपेक्षितच होता. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षिशास्त्रज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती त्यांना मिळाली नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभागाचे मार्गदर्शक व्याख्याते म्हणून त्यांना दरमहा ३५० रुपयांवर नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. मृत पक्ष्यांचे नुसते वर्गीकरण करण्यापेक्षा जिवंत पक्षी कसा वागतो हे पाहावे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. १९३० साली ही शिदोरी घेऊन ते परतले, तेव्हा पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती. वय चौतिसाच्या घरात, संसार पाठीशी, आणि हाती काम नाही.

मुंबईत राहणे परवडेना म्हणून सलीम अली आणि त्यांच्या पत्नी तेहमीना किहीमच्या घरी जाऊन राहिले. उन्हाळा सरत आला की सुगरण पक्ष्याच्या नराच्या अंगावर पिवळा रंग चढतो आणि पहिल्या सरींनंतर त्याची घरटी बांधण्याची लगबग सुरू होते. किहीमच्या परिसरात ही घरटी हवी तेवढी होती. सलीम अलींकडे वेळ हवा तेवढा होता. रोज तेथे जायचे, बसायचे आणि जे दिसेल ते टिपून ठेवायचे, हा क्रम त्यांनी तो पावसाळाभर चालविला.

सुगरण या नावातच एक समज दडलेला आहे. घर बांधणारी ती मादी असणार, असे आपण गृहीत धरले. बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेनेही घरट्याचे श्रेय मादीलाच दिले आहे. प्रत्यक्षात पाती फाडून आणणारा आणि ती विणणारा असतो तो नर. किहीमच्या टिपणांतून या संसाराची पुढची रीतही उलगडली. नर घरटे अर्धे विणतो. ते उलट्या टांगलेल्या टोपीसारखे दिसू लागले की माद्या पाहणीस येतात. एखादीने पसंती दिली की तिच्याशी जोडी जमवून तो घरट्याची लांब नळी पुरी करतो. मादी अंडी घालून बसते आणि हा गृहस्थ शेजारीच दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. न पसंत पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. ही अर्धी घरटी नराच्या विश्रांतीसाठी असावीत, असा एक समज होता. त्याऐवजी आता डोळ्यांनी पाहिलेले कारण मिळाले. १९३१ साली हे निरीक्षण सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पक्षिशास्त्राच्या जगात सलीम अलींचे नाव झाले.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या, असा प्रस्ताव मांडून त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. या भटकंतीत तेहमीनांची साथ मोठी होती. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला आणि सलीम अली बहिणीच्या घरी राहू लागले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. पदवीअभावी नाकारल्या गेलेल्या या माणसाला विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टरेट दिली. १९८५ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले आणि १९८७ साली, नव्वदी ओलांडून, निवर्तले.

या चरित्राकडे भाबडेपणाने पाहू नये. सलीम अलींनी आयुष्यभर अभ्यासासाठी पक्षी मारले. नमुना हाती असल्याशिवाय शास्त्र पुढे जात नाही, असे ते मानीत. आजच्या वाचकाला ते खटकेल, आणि खटकावे. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नोकरी गेली तेव्हा त्यांना जाऊन राहण्यास किहीमचे घर होते आणि पाठीशी सुस्थितीतील गोतावळा होता. तालुक्याच्या गावी पदवी घेऊन बसलेल्या बेकार तरुणाला, किंवा तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आणि सुट्टीत एक पैही न मिळणाऱ्या प्राध्यापकाला, सलीम अलींचा दाखला देऊन धीर धरा म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. बेकारीने संशोधक घडत नाहीत. उपजीविकेची चिंता काही काळ दूर राहिली आणि मन एका ठिकाणी लागले, म्हणून ते संशोधन घडले. दरमहा ३५० रुपये वाचविणाऱ्यांच्या हिशेबात ही निष्पत्ती कोठेच नव्हती. आजही ग्रंथालये, संग्रहालये आणि महाविद्यालये येथील जागा रिकाम्या ठेवून जी काटकसर साधली जाते, तिच्या ताळेबंदात असा गमावलेला नफा कधी दिसत नाही.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आज प्रत्येक खिशात छायाचित्रे घेण्याचे साधन आहे. सुट्टीत मुले पक्ष्यांची, फुलपाखरांची छायाचित्रे काढतात आणि ती चांगली गोष्ट आहे. सलीम अलींचे स्नेही, सिंगापूरचे लोके वान थो, हे निष्णात पक्षिछायाचित्रकार होते. त्यांनी छायाचित्रणासाठी फार कष्ट घेतले. पण एका छायाचित्रात एक क्षण सापडतो. अर्ध्या घरट्याचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी उद्या, परवा आणि पुढच्या आठवड्यात त्याच झाडाखाली परत यावे लागते. तारीख, वेळ, जागा आणि जे दिसले ते, एवढे लिहायला चाळीस पानी वही पुरते.

म्हणून पालकांना आणि शिक्षकबंधूंना माझी विनंती मर्यादित आहे. या सुट्टीतील सगळे तास विकून टाकू नका. रोजचा एक तास मुलाच्या स्वाधीन ठेवा. गावाबाहेरच्या विहिरीवर किंवा बाभळीवर सुगरणीची वसाहत बहुधा सापडेल. ती त्याला दाखवा, आणि घरटे कोण विणते, हे आधी सांगू नका.