शिवाजी गणेशन : रंगभूमीने दिलेले नाव

तंजावर : तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजे आणि सरफोजीराजे आठवतात. तमिळ माणसाला मात्र या मुलखात ‘शिवाजी’ म्हटले की प्रथम आठवतो तो एक नट.

विळुप्पुरम चिन्नैया मन्रायर गणेशन यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२८ रोजी विळुप्पुरम येथे झाला. स्वातंत्र्यलढ्यातील सहभागामुळे वडिलांना तुरुंगवास घडला होता. गणेशन यांनी बालवयातच घर सोडले व फिरत्या नाटक मंडळीत प्रवेश केला. तेथे त्यांनी स्त्रीभूमिकाही केल्या. पल्लेदार संवाद एका दमात आणि स्पष्ट उच्चारात म्हणण्याची त्यांची ख्याती या तालमीतूनच आलेली आहे.

१९४० च्या दशकाच्या मध्यास सी. एन. अण्णादुरै यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर नाटक लिहिले. राज्याभिषेकास वर्णाच्या नावाने झालेला विरोध हा त्याचा गाभा होता. महाराजांची भूमिका प्रथम एम. जी. रामचंद्रन करणार होते. ती अखेर गणेशन यांच्याकडे आली. प्रयोग पाहून पेरियार रामसामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ ही उपाधी दिली. धर्मसत्तेवर आयुष्यभर प्रहार करणाऱ्या पुढाऱ्याने दिलेले हे मराठी राजाचे नाव त्यांनी अखेरपर्यंत मिरविले.

१९५२ च्या दिवाळीत ‘पराशक्ती’ प्रदर्शित झाला. एम. करुणानिधी यांचे संवाद आणि न्यायालयाचा प्रसंग यांमुळे पहिल्याच चित्रपटाने त्यांना घरोघरी पोहोचविले. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’मधील भूमिकेसाठी १९६० मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात ते सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. ‘नवरात्री’त (१९६४) त्यांनी नऊ भूमिका केल्या, हिंदीत याच कथेवरील ‘नया दिन नई रात’मध्ये त्या संजीवकुमार यांनी केल्या. कावेरीकाठच्या कलाजीवनाचे खरे दर्शन घडते ते ‘तिल्लाना मोहनांबाळ’मध्ये (१९६८). नादस्वर प्रत्यक्षात मदुरैचे बंधू वाजवीत होते, तरी गणेशन यांचे फुगलेले गाल आणि बोटे पाहून ते पटत नाही. ‘राजराज चोळन’मध्ये (१९७३) तंजावरचे बृहदीश्वर मंदिर उभारणारा सम्राटही त्यांनी साकारला. अभिनय अतिरंजित असल्याची टीका त्यांच्यावर होत राहिली. ती सर्वस्वी चुकीची नव्हती. रंगमंचावरील आवाज त्यांनी कॅमेऱ्यासमोरही फारसा उतरविला नाही.

लता मंगेशकर त्यांना भाऊ मानीत. तंजावरनजीकच्या सूरक्कोट्टै येथे त्यांची शेती व घर होते.

राजकारणाने मात्र त्यांना साथ दिली नाही. द्रविड चळवळीपासून दुरावून ते कामराज यांच्या काँग्रेसकडे वळले. पुढे ते राज्यसभेवर गेले. ज्यांची भूमिका त्यांच्या वाट्याला आली होती, ते रामचंद्रन दहा वर्षे मुख्यमंत्रिपदी राहिले. गणेशन यांनी १९८८ मध्ये स्वतःचा पक्ष काढला आणि १९८९ मध्ये तंजावर जिल्ह्यातीलच तिरुवैयारू मतदारसंघातून निवडणूक लढविली. चित्रपटगृहे भरणाऱ्या त्याच प्रेक्षकांनी त्यांना पराभूत केले. त्यानंतर तो पक्ष फार काळ टिकला नाही.

फ्रान्सने १९९५ मध्ये त्यांना कला व साहित्यासाठीचा ‘शव्हालिए’ किताब दिला. पुढे दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. २१ जुलै २००१ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.