न खपलेला नांगर

नवी पद्धत कितीही श्रेयस्कर असली, तरी ती पहिल्याच दिवशी जुनीपेक्षा अधिक फळ देते असे नाही. हाताला जुन्या कामाचे वळण पडलेले असते. नवे वळण पडेपर्यंत वेळ जातो, माल बिघडतो, उत्पन्न घटते. नव्या तंत्राच्या लाभाचे हिशेब सर्वत्र मांडले जातात. मधल्या काळातील ही घट कोणी सोसायची, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेची ओढ असल्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. रंगचित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठा अडथळा कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत शिक्षक झाले आणि यंत्रांचे ज्ञान बव्हंशी स्वतःच्या खटपटीने मिळवू लागले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास परतले.

बेळगावात वडील बंधू रामूअण्णांबरोबर त्यांचा सायकलींचा व्यवसाय होता. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू. ती विकायची तर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावे लागे. नवे साधन विकणाऱ्यावर ते शिकवण्याचीही जबाबदारी येते, हा धडा तेथेच मिळाला असला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करू लागले, आणि खरी कसोटी तेथे लागली.

पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शेतकऱ्याच्या बाजूचा हिशेबही पाहिला पाहिजे. लाकडी नांगर गावचा सुतार घडवीत असे, लोहार त्याचा फाळ शेवटून देत असे, आणि दोघांचाही मोबदला सुगीला बलुत्याच्या रूपाने दिला जाई. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा. ओतीव फाळ ऐन नांगरटीत मोडला तर गावच्या लोहाराला तो दुरुस्त करता येणार नाही. नवा भाग दुरून आणावा लागेल. बैलांना आणि नांगर धरणाऱ्या हाताला नव्या औताची सवय व्हायची ती वेगळीच. ज्याच्या घरात एका हंगामापुरतीच शिल्लक, त्याने ही जोखीम का घ्यावी? माती खोलवर उलटवून हरळीची मुळी उपटणारा नांगर अखेर फायद्याचाच होता. पण त्या अखेरपर्यंत पोचायचे कसे, हा त्याच्यापुढचा पेच होता.

कारखानदारही त्याच पेचात होता. ओतकाम पुस्तक वाचून येत नाही. साच्याची वाळू अधिक ओली राहिली तर ओतिवात छिद्रे पडतात, आणि किती ओली म्हणजे अधिक, हे बोटांनाच कळावे लागते. म्हणजे बनवणारा आणि वापरणारा, दोघेही शिकाऊ. अशा वेळी खपाचे आकडे पाहून मालाची लायकी ठरवली असती, तर हा नांगर पहिल्याच वर्षी अडगळीत गेला असता. लक्ष्मणरावांनी तो टाकला नाही.

नांगराला गिऱ्हाईक लाभू लागले, तोच बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगांचे आणि नागसापांचे माळरान ते! तेथे १९१० साली मोजक्या सहकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना घेऊन जी वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी.

या कर्जाचे महत्त्व रकमेपेक्षा अधिक आहे. व्याजाचा तगादा लावणारे भांडवल पहिल्या अपयशालाच शेवटचे अपयश ठरवते. बिनव्याजी कर्जाने लक्ष्मणरावांना चुका करण्यासाठी आणि त्या सुधारण्यासाठी अवधी दिला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर त्या अवधीचे मोल कळले. विलायती मालाची आवक रोडावली, देशी नांगराला मागणी आली. परंतु लोखंड आणि कोळसाही मिळेना. नव्या धंद्यावर हे तिसरे संकट. मात्र आता हात शिकलेले होते आणि शेतकऱ्यालाही नांगर परिचयाचा झाला होता. कारखाना टिकला, वाढला. १९२० मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक आले, पाण्याचे पंप आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा त्या माळावर एक भरभराटलेली उद्योगनगरी उभी होती.

त्यांच्या चिकाटीचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत, आणि ते योग्यच आहे. तथापि सारे श्रेय चिकाटीला दिले, की समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो. चिकाटीला सबुरीच्या भांडवलाची जोड मिळाली नसती, तर कुंडलचा माळ माळच राहिला असता. आज शाळेत नवा अभ्यासक्रम येतो, कचेरीत संगणकाची नवी प्रणाली येते, शिवारात ठिबकाच्या नळ्या येतात. पहिल्या काही महिन्यांत काम मंदावले, की शिक्षकाला निष्काळजी, कारकुनाला मंद आणि शेतकऱ्याला हट्टी ठरवले जाते. वस्तुतः ते शिकत असतात. त्यांना शिकवणारा जवळ असावा, बिघडलेला भाग वेळेवर मिळावा आणि पहिल्या हंगामाचा तोटा एकट्याच्या माथी पडू नये, एवढी तजवीज नवी पद्धत आणणाऱ्यांनी आधी करावयास हवी. ती न करता केलेली सुधारणा फसली, तर दोष शिकणाऱ्याचा मानता येणार नाही.