आजचं मनन : पंडिता रमाबाईंचा विसावा

वाचन : मार्क ६:३०-४४



आजच्या वाचनात शिष्य सेवेवरून परत आलेत. काय काय केलं ते येशूला सांगतायत, आणि लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना लगेच पुढचं काम देत नाही, एकांतात विसाव्याला घेऊन जातो. हा भाग वाचला की मला पंडिता रमाबाई आठवतात.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाला दिलं. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा, मग अमेरिका, आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

नुसतं वाचूनच दम लागतो ना? बाहेरून पाहिलं तर सेवा जोरात चालली होती. पण बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आत शांती नव्हती, हे रमाबाईंनीच आपल्या साक्षीत सांगितलंय. धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्ताची स्वतःची अशी ओळख झाली नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा माणूस स्वतःचाच उपदेश करता करता बदलला होता! ते वाचून रमाबाईंना आपली उणीव कळली. मग त्यांनी प्रभूवर भार टाकला आणि त्यांना शांती मिळाली.

बाहेरचं वादळ मात्र थांबलं नाही. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ झाला, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, अनेक पालक मुलींना घेऊन गेले.

त्यानंतरच्या काळातली गोष्ट. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरायचं. रमाबाई मुलींना घेऊन तिथे गेल्या. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. पंधरा मुली विश्वासात आल्या होत्या, त्याबद्दल देवाचे आभार मानताना त्यांच्या मनात एक विचार आला. पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग कर, असं त्यांनी देवाकडे मागितलं. पंधराचा वर्ग म्हणजे २२५! गणित करणाऱ्यांना हे आवडेल. पण तेव्हा एवढ्या मुलींना ठेवायला त्यांच्याकडे ना जागा होती ना पैसा.

मग १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे पंधराशेच्या आसपास लोक जेवत होते.

आता पुन्हा मार्क उघडा. शिष्य विसाव्याला निघतात आणि किनाऱ्यावर पाच हजारांची गर्दी आधीच पोचलेली असते. एकांतामुळे काम कमी झालं नाही, शिष्यांचं नाही आणि रमाबाईंचंही नाही. पण भाकरी पुरवायची जबाबदारी कोणाची, हे गर्दी येण्याआधीच रमाबाईंना कळलं होतं.

शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रिया त्याचे खिळे जुळवत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरीही काम थांबलं नाही. ते हातावेगळं झाल्यावर ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई झोपेतच प्रभूकडे गेल्या.

आपल्यापैकी बरेच जण आठवडाभर ऑफिस, शनिवारी तरुण संघ, रविवारी संडे स्कूल आणि गायन असं करतायत. कोल्हापुरातल्यांनो, या आठवड्यात एक पहाट राखून ठेवा. फोन घरी ठेवून रंकाळ्यावर एकटेच जा. आधी आभार माना. मग जे आपल्या आवाक्यात नाही, ते मागा.

प्रार्थना : प्रभू, तुझी सेवा करता करता तुलाच विसरलो असू, तर आम्हांला बाजूला घे. आमेन.