पाहुण्या पाखरांचा माग काढणारा पक्षितज्ज्ञ

शरद ऋतू लागला, की उत्तरेकडून बदके, चिखलपायटे आणि धोबी पक्षी भारतातील तळ्यांवर, किनाऱ्यांवर उतरू लागतात. हे पाहुणे येतात कुठून, याचे उत्तर तर्काने न देता पुराव्याने द्यावे, हा डॉ. सलीम अली यांचा आग्रह होता.

मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. अगदी बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्षिसंग्रह दाखवला आणि आयुष्याची दिशा ठरली.

पुढे जर्मनीत त्यांनी एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिक्षण घेतले. हेलिगोलँड बेटावर स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवण्याचे तंत्रही त्यांनी पाहिले. १९३० साली मायदेशी परतले, तर संग्रहालयातील नोकरी निधीअभावी संपुष्टात आलेली. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम येथे राहिले आणि बेकारीच्या त्या दिवसांत सुगरणीच्या विणीचा मूलगामी अभ्यास केला. १९३९ साली तेहमिनांचे निधन झाले. या आघातानंतरही त्यांची भ्रमंती थांबली नाही.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यात क्यासनूर जंगल ज्वर आढळला. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता असल्याने स्थलांतरित पक्ष्यांवर संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पक्ष्यांनी हा रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. मात्र भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे थेट सायबेरियात सापडली आणि त्यांचा मार्ग प्रथमच ठोसपणे कळू लागला.

याच भरतपूरने त्यांच्या आग्रहाची कठोर परीक्षा पाहिली. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात म्हशी चारण्यास बंदी असावी, असे त्यांचे मत होते. १९८२ साली बंदी आली. तिला विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही जणांचा बळी गेला. सोसायटीच्याच दशकभराच्या अभ्यासातून पुढे निष्पन्न झाले, की म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. बंदीनंतर गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा आक्रसली.

२० जून १९८७ रोजी डॉ. अली यांचे मुंबईत निधन झाले. अभ्यासाचा अंतिम अहवाल त्यानंतर आला. भरतपूरला येणारे सायबेरियन क्रौंचही २००२ नंतर तेथे दिसलेले नाहीत. आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही समोर येऊ शकेल, अशी संस्था मात्र त्यांनी मागे ठेवली. त्यांच्या कार्याचे हे मोलही पद्मविभूषणाइतकेच थोर आहे.