सातारच्या वकिलाची चौदा वर्षे

शहाडहून लोकलने ठाण्याला उतरणारे आपले कितीतरी बांधव जांभळी नाक्याच्या गर्दीतून वाट काढतात. तिथल्या चौकाला रंगो बापूजी गुप्ते यांचे नाव आहे. ते कोण, हे दहा जणांना विचारा. एकाला सांगता आले तरी पुष्कळ झाले!

रंगो बापूजी हे सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील होते. वकील म्हणजे काळा कोटवाला नव्हे, तर राजाची बाजू परक्या दरबारात मांडणारा मुत्सद्दी. प्रतापसिंहांनी साताऱ्यात शाळा काढल्या, छापखाना आणला. वेदोक्ताच्या वादात ते कायस्थ प्रभूंच्या बाजूने उभे राहिले. तेव्हापासून सनातनी भटशाहीचा त्यांच्यावर डोळा होता. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू ही त्या गोटातली मोठी नावे. पुढे कंपनी सरकारने गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप राजावर ठेवला. उघड चौकशी न करता 5 सप्टेंबर 1839 रोजी त्यांना पदच्युत केले आणि काशीला हद्दपार केले. धनी काशीत आणि वकील लंडनमध्ये, असे पर्व तिथून सुरू झाले.

समुद्र ओलांडला की जात बाटते, असे मानणारा तो काळ. परक्या मुलखात, परक्या भाषेत रंगो बापूजी 1853 पर्यंत झुंजले. अर्ज केले, पुस्तिका छापल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत राजाचे गाऱ्हाणे मांडले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्सन यांनी त्यांची बाजू उचलून धरली. थॉम्सन हे गुलामगिरीविरुद्ध रान उठवणारे वक्ते. ज्या लढ्याला महात्मा फुले यांनी 1873 साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्याच लढ्यातले हे गृहस्थ. 1847 साली प्रतापसिंह काशीतच वारले. 1848 साली डलहौसीने सातारा खालसा केला. पैसा आटला, कर्ज झाले, तरी वकील मागे फिरला नाही. ज्याच्यासाठी भांडायचे तो राजाही नाही आणि राज्यही नाही, अशी पाच वर्षे त्यांनी काढली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा लढा गादीचा होता. वेदोक्ताचा झगडाही क्षत्रियत्वाच्या हक्काचा होता. शूद्र-अतिशूद्र त्याच्या हिशेबात नव्हते. लंडनमध्ये अस्पृश्यांची कैफियत मांडायला 1930 साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनाच उभे राहावे लागले. त्या बाबासाहेबांचे प्राथमिक शिक्षण साताऱ्यातच झाले होते. तरीही भटशाही आणि कंपनी यांची हातमिळवणी रंगो बापूजींनी साहेबाच्या घरात जाऊन उघडी पाडली, हे नाकारता येत नाही. म्हणूनच प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

परतल्यावर त्यांनी अर्ज-विनंत्यांचा मार्ग सोडला. 1857 साली साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली; पण कट फुटला. 8 सप्टेंबर 1857 रोजी सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी गोळ्यांना बळी पडले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता आणि रामोशीही होते. रामोशांचे नाव ठाण्यातल्या कुठल्या चौकाला नाही.

स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.