नुसत्या गावाच्या नावावर गेलेलं पत्र

थंडी पडली की भिगवणला गर्दी सुरू होते. पुण्या-मुंबईची मंडळी आणि आपल्या बारामती-इंदापूरची पोरं-पोरी पहाटेच होडीत बसतात, लेन्स सरसावतात आणि उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी शोधतात. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळावर वनखात्याची सफारी सुरू झाल्यापासून चिंकारा, लांडगा, तरस टिपायला जाणारेही वाढलेत. कॅमेरा गळ्यात अडकवणाऱ्या या सगळ्यांना एका जपानी माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. त्याचं नाव मिचिओ होशिनो.

मिचिओचा जन्म १९५२ चा, टोकियोजवळच्या इचिकावा शहरातला. कॉलेजात असताना टोकियोच्या कांदा भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला अलास्काच्या फोटोंचं एक पुस्तक सापडलं. त्यातल्या एका पानावर समुद्रातल्या चिमुकल्या बेटावरचं गाव होतं, विमानातून टिपलेलं. गावाचं नाव शिश्मरेफ. इतक्या उजाड जागी माणसं राहतात तरी कशी, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यातून जाईना. गावात ओळखीचं कुणी नाही, पत्ता ठाऊक नाही. मग पठ्ठ्याने थेट गावच्या मेयरला, म्हणजे आपल्या भाषेत सरपंचालाच, पत्र धाडलं. मला तुमच्याकडे यायचंय, कुणाच्या तरी घरी राहू द्या, एवढीच विनंती. सहा महिने काहीच नाही. आणि एक दिवस चक्क उत्तर आलं, ये म्हणून! १९७३ च्या उन्हाळ्यात तो तिथल्या एका कुटुंबात तीन महिने राहिला. वय अवघं वीस.

परत आला, पण मन तिकडेच राहिलं होतं. मग त्याने नीट तयारी केली. शिक्षण संपवून वन्यजीवांचे नामांकित फोटोग्राफर कोजो तानाका यांच्या हाताखाली दोन वर्षं काम केलं. १९७८ मध्ये अलास्का विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकायला गेला, आणि पुढे अलास्काचाच होऊन गेला. एकदा रानात शिरला की आठवडेच्या आठवडे एकटा तंबूत. हजारो कॅरिबू हरणांचे कळप ज्या वाटेने जातात, तिथे आधीच जाऊन बसायचं आणि वाट पाहायची. कळप आला तर आला, नाही तर नाही.

त्याचा खरा जीव होता ग्रिझली अस्वलांवर. थंडीआधीचे काही आठवडे या अस्वलाला दुसरं कामच नसतं. गळीत हंगामात साखर कारखाना कसा रात्रंदिवस चालतो, तसं त्याचं तोंड चालू असतं. डोंगरउतारावरची बोरांसारखी रानफळं आणि नदीत चढणारे सामन मासे, मिळेल ते पोटात. कारण पुढचे पाच-सहा महिने गुहेत झोप. अन्न नाही, पाणी नाही. एका हिवाळ्यात वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरतं. मादीचं तर आणखी अवघड. अंगावर पुरेशी चरबी चढली नाही तर तिला गर्भच राहत नाही. म्हणजे त्या आठवड्यांत कुणी तिला जेवणावरून उठवलं, तर तिची पिल्लं जन्माआधीच गेली म्हणायची.

मिचिओला हे पक्कं ठाऊक होतं. तो लांब राहायचा, बसून राहायचा. त्याच्या फोटोंत अस्वल डरकाळी फोडणारा राक्षस नसतो; पिल्लांना घेऊन लवंडलेली आई असते, अफाट माळावर ठिपक्याएवढा दिसणारा प्राणी असतो. ग्रिझलीवरच्या त्याच्या पुस्तकाला जपानमध्ये पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये तिथला फोटोग्राफीतला मानाचा किमुरा इहेई पुरस्कारही मिळाला. लग्न झालं, मुलगा झाला.

ऑगस्ट १९९६. जपानी टीव्हीसाठी सामन खाणारी अस्वलं चित्रित करायला तो रशियातल्या कामचात्काला, कुरिल तळ्यावर गेला. बाकीचे लाकडी खोलीत झोपत, हा बाहेर तंबूत. त्या भागात एक अस्वल माणसाच्या खाण्याला चटावलेलं होतं. माणूस दिसला की खायला मिळतं, हे त्याला कळलं होतं. ८ ऑगस्टच्या पहाटे त्याने मिचिओला तंबूतून ओढून नेलं. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. नंतर त्या अस्वलालाही गोळी घालण्यात आली.

ज्याने आयुष्यभर अंतर पाळलं, त्याला दुसऱ्याने तोडलेल्या अंतराची किंमत मोजावी लागली. आणि त्या अस्वलालाही.

आता आपल्याकडे बघा. भिगवणचे पट्टकादंब हंस हिवाळा सरता सरता हिमालय ओलांडून परत निघतात. तेवढं उडायचं तर अंगात चरबी हवी, आणि ती इथंच, आपल्या पाण्यावर आणि काठावर चरून साठवायची असते. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून होडी थव्यात घातली, की त्यांचं चरणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं. सीगल जवळ यावेत म्हणून फेकलेली शेव, रीलसाठी लांडग्या-तरसापुढे टाकलेलं मांस, हीसुद्धा त्याच चटावण्याची सुरुवात. उद्या तो प्राणी वस्तीत शिरला की काठ्या त्याच्याच पाठीत बसणार.

तेव्हा या हंगामात भिगवणला जाल तर होडीवाल्या दादांना आधीच सांगून ठेवा, थवा चरत असेल तर लांबच थांबा म्हणून. फोटोत पक्षी थोडा लहान येईल. येऊ द्या. मिचिओची अस्वलंही फोटोत कितीदा ठिपक्याएवढीच आहेत.