गळ्याच्या गाठीवर हात टाकण्याआधी थांबायला शिकवणारे हकीम : अल-जहरावी

आमच्या गंगापुरात कुणाला थायरॉइडचं ऑपरेशन सांगितलं की घरात पहिला प्रश्न निघतो, जीवाला धोका तर नाही ना? हा धोका हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम हकीमाने ओळखला होता.

अबुल कासिम अल-जहरावी यांचा जन्म इ.स. ९३६ च्या सुमारास स्पेनमधील कुर्तुबाजवळ झाला. आयुष्यभराचा अनुभव त्यांनी 'किताब अल-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथात मांडला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे २०० अवजारांची चित्रं आहेत.

एका अडाणी वैद्याने एका बाईच्या मानेतली गाठ कापताना रक्तवाहिन्या तोडल्या आणि ती बाई तिथेच रक्तस्रावाने गेली. हे त्यांनी स्वतः पाहिलं आणि लिहून ठेवलं. शरीररचना शिकल्याशिवाय हातात चाकू घेऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. गळ्याच्या मोठ्या गाठीला त्यांच्या काळात 'गळ्याचा हत्ती' म्हणत. ती बायकांमध्ये जास्त दिसते, हेही त्यांनी नोंदवलं. गाठ आधी तपासा, लहान असेल तरच कापा, रक्तवाहिनीसारखी असेल तर हात लावू नका, असा त्यांचा सल्ला होता. इ.स. १०१३ च्या सुमारास ते वारले. बाराव्या शतकात त्यांच्या शस्त्रक्रियेच्या भागाचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपचे सर्जन शतकानुशतके तो वाचत राहिले.

आज हे ऑपरेशन बरंच सुरक्षित झालंय, पण सावधगिरी तीच. पहिल्या दिवसात मान फुगली, श्वास लागला तर एक मिनिटही न थांबता डॉक्टरांना बोलवा. आत साचलेलं रक्त श्वासनलिका दाबू शकतं. ओठ-बोटांना मुंग्या आल्या, हातपाय आखडले तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं. थायरॉइडच्या मागच्या चार छोट्या ग्रंथी दुखावल्याने असं होतं. आवाज बसला तर बहुतेकदा तो हळूहळू सुधारतो, तरी दाखवून घ्या. पूर्ण ग्रंथी काढली असेल तर थायरॉइडची गोळी जन्मभर, उपाशीपोटी घ्यावी लागते. कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. रमजानमध्ये गोळी मनाने बंद करू नका, वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

अल-जहरावींची खरी आठवण ठेवायची तर नुसता अभिमान पुरे नाही. घरातल्या आई-बहिणीच्या गळ्याची गाठ लपवू नका, जाणत्या सर्जनलाच दाखवा.